मिठाच्या राजवाड्याचा दरवान

सातव्या प्रवेशाची चारशे जोडचित्रं उलटी चिकटवली गेली होती, आणि ती कोणी चिकटवली हे अख्ख्या कारखान्यात एकट्या लेओकादीला ठाऊक होतं. निदान तिची तशी समजूत होती.

उलटी म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. ‘मिठाचा राजवाडा’ हे नाटक त्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये धो धो चाललं होतं. परीकथा, गाणी, बावीस देखावे आणि रंगमंचावर खरोखरचं पाणी. एकदा बघून आलं की माणसाला ते घरी न्यावंसं वाटे, आणि घरी न्यायची सोय गोद्रले यांच्या कारखान्यात होती. नाटकगृहातल्या गॅसच्या उजेडात कॅमेऱ्याला काही दिसत नसे, आणि नटमंडळी क्षणभर स्वस्थ उभी राहतील तर शपथ. म्हणून ब्रिस्केबाबा नावाचे म्हातारे मूर्तिकार तालमीला जाऊन बसत, चिटोऱ्यांवर रेघोट्या ओढत, आणि परत येऊन टेबलाएवढ्या मंचावर सबंध प्रवेश मातीत उभा करत. वीतभर राणी, वीतभर राक्षस, मागे पुठ्ठ्याचे मनोरे. मग काचेच्या छपराखाली भर उन्हात दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने त्याचा फोटो निघे. मातीची माणसं हलत नाहीत, रुसत नाहीत आणि त्यांना आया नसतात. हा शेवटचा गुण गोद्रलेसाहेबांना सगळ्यात प्यारा होता.

फोटो छापून आला की पुढचं काम पाच बायकांचं. एका प्रवेशाची शेजारी शेजारी दोन चित्रं असत. एक डाव्या डोळ्याला दिसावं तसं, दुसरं उजव्या डोळ्याला. छापताना ती नेमकी चुकीच्या जागी येत, म्हणून कात्रीने मधोमध कापायची आणि डावीकडचं उजवीकडे, उजवीकडचं डावीकडे चिकटवायचं. कागद कांद्याच्या सालीसारखा पातळ. त्याला मागून रंग द्यायचा आणि सुईने टोचे मारायचे. राणीच्या मुकुटातला प्रत्येक हिरा म्हणजे एक टोचा, आणि दिवा म्हणजे जरा मोठा टोचा. ते चित्र भिंगांच्या पेटीत सरकवून उजेडाकडे धरलं की तपकिरी कागदाला रंग चढे, हिरे लुकलुकत, आणि सगळी माणसं कागदातून उठून आपापल्या जागी उभी राहत. राणी पुढे, दासी मागे, आणि फार दूर राजवाड्याच्या फाटकात कंदील घेतलेला दरवान.

हे दोन डोळ्यांचं कौतुक. लेओकादीला दोन हिवाळ्यांपूर्वी डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. आधी धुकं आलं, मग दूध, मग काहीच नाही. इस्पितळातल्या डॉक्टरने कापू म्हटलं, वर हसत हसत असंही म्हणाला, की दहातल्या तिघांचा दुसराही डोळा जातो. ती टोपी घालून घरी आली. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, म्हणतात. इथे देवाने एक परत घेतला होता, आणि लेओकादी उरलेल्या एकावर दोन डोळ्यांची नोकरी टिकवून होती. वय पन्नास, नवरा गेलेला, या टेबलाशी एकोणीस वर्षं काढलेली. एवढं एक काम हातचं गेलं असतं तर तिच्यापाशी दुसरं काही नव्हतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून तिने कोणालाच सांगितलं नाही. चिकटवलेलं प्रत्येक चित्र पेटीत घालून तपासायचं, असा नियम होता. ती घालायची, मनात तीन आकडे मोजायची, मान डोलवायची आणि चित्र ढिगावर ठेवायची. तिला आता त्यात माणसं उठलेली दिसत नसत. राणी, दासी, दरवान, सगळे एका कागदावर सपाट पडलेले. पण कापायची आणि फिरवायची सवय हातांना होती, आणि हात चुकत नव्हते.

मग छपाईवाल्याने नवी चौकट आणली. तिच्यात छापतानाच चित्रांची अदलाबदल होऊन येई, कापून फिरवायची गरजच नाही. बायकांचं काम वाचेल म्हणून त्या भल्या माणसाने हा खटाटोप केला आणि सांगायचं मात्र विसरला. सोमवारी नव्या चौकटीतला पहिला गठ्ठा लेओकादीने उचलला. तिने तो कापला, फिरवला, चिकटवला. म्हणजे आधीच सरळ असलेलं तिने निगुतीने उलटं केलं. मंगळवारी सकाळी माल दुकानांत गेला. मंगळवारी दुपारी बाकीच्या बायकांनी आपापल्या गठ्ठ्यातलं पहिलं चित्र पेटीत घातलं, आणि जो गलका झाला तो खालच्या रस्त्यावरही ऐकू गेला. “अगं, हे काय? मागचं पुढे आलंय! राक्षस भिंतीत घुसला!” छपाईवाल्याला शिव्या बसल्या, गठ्ठे सुधारले गेले. लेओकादी कात्री हातात धरून बसून राहिली. तिचा गठ्ठा केव्हाच दुकानांत पोचला होता. तिने तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

दहा दिवस काही झालं नाही. अकराव्या दिवशी मादाम कोर्विझार आल्या.

या मादाम म्हणजे राणीचं काम करणाऱ्या झेलियाच्या आई. झेलियाला गळा होता आणि आईला घसा. डोक्यावर फरची टोपी, हातात पेटी, आणि मागून जिना चढून दमलेली मोलकरीण.

“गोद्रलेसाहेब, बघा! स्वतःच्या डोळ्यांनी बघा! माझी मुलगी कुठे आहे?”

गोद्रलेसाहेबांनी पेटी डोळ्यांना लावली आणि त्यांच्या मिशा खाली उतरल्या.

“जरा... मागे वाटतात खऱ्या.”

“मागे? खड्ड्यात म्हणा! कणकेत साचा दाबून काढल्यावर भोक राहतं ना, तशी दिसत्येय माझी झेलिया! आणि हा कोण? हा कंदीलवाला कोण? माझ्या मुलीच्या डोक्यावर येऊन उभा राहिलाय मेला!”

“दरवान आहे, मादाम.”

“दरवानाला बघायला लोक पैसे मोजतात का? सगळी दुकानातून परत आणा. जाळा. आणि ज्या हातांनी हे केलं ते हात आठवड्याभरात या कारखान्याबाहेर दिसले नाहीत, तर तुमचा तो मातीवाला म्हातारा पुन्हा आमच्या नाटकगृहात पाऊल टाकायचा नाही. मॅनेजर माझ्या शब्दाबाहेर नाही, सांगून ठेवते.”

मॅनेजर तिच्या शब्दाबाहेर नव्हता हे सगळ्या पॅरिसला माहीत होतं. गोद्रलेसाहेब तिला जिन्यापर्यंत पोचवून आले आणि पाची बायकांपुढे उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, पण घाबरला की कडक व्हायचा.

“कोणाचं काम?”

पाची जणींनी माना खाली घातल्या. कोणता गठ्ठा कोणी उचलला याची नोंद तिथे नसे, जिचा हात रिकामा ती पुढचा घेई.

“ठीक आहे. जिला हे दिसलं नाही, तिला दिसतच नाही. शनिवारी दुपारी बाराला एकेकीने माझ्यासमोर पेटीत बघायचं. मी तीन चित्रं ठेवीन. कुठलं सरळ, कुठलं उलटं, तिथल्या तिथे सांगायचं. सोपं आहे. दोन डोळे आहेत तिला घाबरायचं कारण नाही.”

चोराच्या मनात चांदणं. साहेबांनी सहज म्हटलेले ते ‘दोन डोळे’ लेओकादीच्या काळजात जाऊन बसले. शेजारी बसणारी उर्सूल कालच ओसेरहून परतली होती, लेकीचं बाळंतपण करून. तिने लेओकादीकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा रंग कालवायला लागली.

शुक्रवारी संध्याकाळी लेओकादी माडीवर ब्रिस्केबाबांकडे गेली. काही ठरवून गेली नव्हती, खाली बसवत नव्हतं एवढंच. बाबा सातवा प्रवेश मोडत होते. फोटो निघाला की मातीची माणसं बादलीत बुडवायची, आणि भिजली की त्याच मातीतून पुढचं नाटक करायचं, हा त्यांचा रिवाज. राणी आधीच विरघळली होती. बाबांच्या हातात दरवान होता.

“थांबा,” लेओकादी म्हणाली. “एवढा गोंधळ घातला कोणी, ते बघू तरी द्या.”

बाबांनी तो तिच्या तळहातावर ठेवला. हातात घेतल्यावर मात्र तो सपाट नव्हता. पाठ होती, पोट होतं, एक खांदा दुसऱ्यापेक्षा चांगलाच उतरलेला होता.

“खांदा असा का केलात?”

“मी कुठला करतोय? तो तसाच आहे. ओनेझीम ताल्बेर त्याचं नाव. एकतीस वर्षं कंदील, भाला, मशाल, जे देतील ते धरून मागे उभा राहतो. एक शब्द बोललेला नाही. मी मनाची माणसं करत नाही बाई. मागच्या रांगेतलासुद्धा जो असेल तोच करतो.”

“मागच्या रांगेतलं कोण ओळखतंय, बाबा?”

“कोणी नाही,” बाबा म्हणाले, आणि दरवानाला तिच्या हातातून काढून बादलीत सोडलं. “म्हणून चुकीचं करून चालतं की काय?”

ती खाली आली आणि घरी गेली. रात्री तिला झोप लागली नाही, हे वेगळं सांगायला नको.

शनिवारी बाराला मोठं टेबल खिडकीशी ओढलं गेलं. पेटी मधोमध, शेजारी पालथी घातलेली तीन चित्रं. पहिल्या दोघींनी पेटीत बघितलं, तिन्ही चित्रं बिनचूक सांगितली, आणि सुटल्यासारख्या भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. तिसरी उर्सूल. तिने पेटीला डोळेसुद्धा नीट लावले नसतील, फाडफाड सांगून मोकळी झाली. चौथा नंबर लेओकादीचा.

ती खुर्चीवर बसली. तीन आकडे मोजून मान डोलवायची युक्ती आज चालणार नव्हती. अंदाजाने सांगावं का, असा विचार मनात येतोय तोवर जिन्यावर पावलं वाजली आणि दारात एक म्हातारा येऊन उभा राहिला. ठेवणीतला कोट, हातात मुरंब्याची बरणी, आणि एक खांदा उतरलेला.

लेओकादीने खांद्यावरून त्याला ओळखलं. कालच तिने तो खांदा तळहातावर धरला होता.

“माफ करा,” म्हातारा म्हणाला. “दुकानदाराने हा पत्ता दिला. जोडचित्रं इथेच होतात ना? मी ताल्बेर. मिठाच्या राजवाड्यात असतो. म्हणजे, मागे असतो.”

“ही चित्रं परत घेतोय आम्ही,” गोद्रलेसाहेब घाईघाईने म्हणाले. “चूक झालीय. तुमचं इथे ठेवा, दुसरं मिळेल.”

“परत?” म्हाताऱ्याने एक हात छातीवरच्या खिशावर ठेवला. “नाही हो, परत द्यायला नाही आलो. आभार मानायला आलोय. हे कोणी जोडलं, त्यांना भेटायचंय.”

असं कधी त्या कारखान्यात घडलं नव्हतं. तक्रारी घेऊन लोक येत, आभार घेऊन कोणी जिना चढलं नव्हतं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. म्हातारा उभ्याउभ्याच सांगू लागला. त्याला बोलायची सवय नव्हती, त्यामुळे जे मनात होतं तेवढंच बाहेर येत होतं.

“माझी बायको, फिलिबेर्त. तीस वर्षं धोबीघाटावर काम केलं तिने. संध्याकाळी इस्त्रीचं काम असायचं, त्यामुळे नाटकाला कधी येता आलं नाही. आणि सवड झाली तोवर पाय गेले. सहा वर्षं पलंगावर आहे. मला नेहमी विचारायची, आज तुम्ही कुठे उभे होता? मी म्हणायचो, मागे. म्हणायची, किती मागे? मी म्हणायचो, अगं, भिंत आणि मी. मग हे चित्र दुकानात बघितलं. माझा कंदील दिसला म्हणून घेतलं, शेजाऱ्याची पेटी मागून आणली. तिने बघितलं. आणि...”

 बरणी एका हातातून दुसऱ्या हातात गेली.

“आणि काय?” भिंतीजवळची एक बाई न राहवून म्हणाली.

“आणि ती मला ओरडली! म्हणाली, अहो, एकतीस वर्षं मला फसवलंत! मागे उभा असतो म्हणे! तुम्ही तर सगळ्यांच्या पुढे, राणी तुमच्या मागे! एवढी कसली मेली नम्रता? आता रोज कोणाला ना कोणाला वर बोलावते. पाववालीला दाखवलं, पाणक्याला दाखवलं, पाद्रीबाबांना दाखवलं. मी काही बोललो नाही. खोटं बोललो नाही, नुसता गप्प बसलो. गप्प बसायची मला सवय आहे. तर ज्यांनी हे जोडलं त्यांचे हात... हा मुरंबा तिने स्वतः सांगून माझ्याकडून करून घेतलाय. सुकवलेल्या पिवळ्या आलुबुखारांचा.”

गोद्रलेसाहेबांच्या मिशा हळूहळू वर आल्या. मांजराला उंदराचं बीळ सापडलं होतं.

“ऐकलंत ना बायांनो? हे गृहस्थ आभार मानायला आलेत. हे काम कोणाचं, त्यांनी पुढे या. लाजू नका.”

सापळा इतका उघडा होता, की कोंबडीलाही दिसला असता.  म्हातारा एकेकीच्या तोंडाकडे आशेने बघत होता, आणि ते बघवत नव्हतं.

“माझं,” उर्सूल म्हणाली.

म्हातारा लगबगीने तिच्याकडे गेला, तिचा रंगाने माखलेला हात त्याने दोन्ही हातांत घेतला. 

“उर्सूलबाई,” गोद्रलेसाहेब म्हणाले, “त्या सोमवारी तुम्ही ओसेरला होतात. रजा मीच दिली. नातवाला तुमच्या मी एक झबलंही पाठवलंय.”

उर्सूलचं तोंड उघडंच राहिलं. झबल्याचं ती विसरलीच होती. बायकांत कोणीतरी फिसकन हसलं. पण साहेब हसले नाहीत. “म्हणजे तुम्ही कोणाला तरी पाठीशी घालताय. आणि माझ्याशी खोटं बोलताय. तर मग आजपासून तुम्हीच—”

“माझं काम आहे ते,” लेओकादी म्हणाली. ती उठली तेव्हा खुर्ची मागे पडली. “चारशेच्या चारशे माझी. सोमवारी चिकटवली, मंगळवारी मला कळलं, आणि मी गप्प बसले. मला दिसत नाही, साहेब. डावा डोळा गेलाय. दोन वर्षं झाली. त्या पेटीत मला काही उठलेलं दिसत नाही.”

बोलून झाल्यावर तिला वाटलं होतं, आता छप्पर कोसळेल. कोसळलं नाही. उलट बाकीच्या बायका तिच्याकडे ज्या नजरेने बघत होत्या, त्यात नवल असं काही नव्हतंच.

“तुम्हाला माहीत होतं?” तिने विचारलं.

“अगं बाई,” उर्सूल म्हणाली, “दोन वर्षं तू कॉफी कपाच्या बाहेर ओततेस. टेबल मीच पुसते. माहीत नसायला काय झालं?”

“मग बोलली नाहीस?”

“तू बोलली नाहीस, मी कशाला बोलू? संध्याकाळी तू टोपी शोधायला जायचीस तेव्हा तुझा ढीग मी पेटीतून काढायची. दोन वर्षांत एक चूक सापडली नाही, लिहून घे. पण मी ओसेरला काय गेले, आणि त्या छपाईवाल्याने तेव्हाच मुहूर्त साधला!”

 दोन वर्षं लेओकादी या टेबलाशी एकटीने लपूनछपून लढतेय असं समजत होती, आणि शेजारी बसून ही बाई रोज संध्याकाळी तिचा सगळा ढीग पुन्हा तपासत होती, एका शब्दाचंही ओझं तिच्यावर न टाकता. तिचा उजवा डोळा भरून आला. डावाही भरला. गेलेल्या डोळ्याला रडता येतं, हे तिला ठाऊक नव्हतं.

ओनेझीम ताल्बेर मधेच उभा होता. कोणाचे हात धरावेत हे त्याला कळेना. शेवटी त्याने बरणी खिडकीत ठेवली आणि दोघींचे हात एकाच वेळी धरले.

“आणि मी काय करू?” गोद्रलेसाहेब ओरडले. “त्या कोर्विझारबाईला काय सांगू? जोडचित्रांचा कारखाना आणि जोडणारी एका डोळ्याची! लोक हसतील मला!”

“साहेब,” म्हातारा चाचरत म्हणाला, “एक विचारू? ती परत आलेली चित्रं जाळणार का खरंच?”

“का?”

“नाही, आमच्यातले सगळे मागतायत. मिठाच्या गोणी वाहणारे चोवीस, दासी बारा, आणि पडद्यामागचे वेगळे. चित्र बघून आल्यापासून नुसते माझ्या मागे लागलेत. त्यात जो जितका मागे उभा, तो तितका पुढे आलाय ना. आमच्यातलं कोणी कधी पुढे आलेलं नाही.”

गोद्रलेसाहेब गप्प झाले. ते दुकानदार होते, आणि जाळायला काढलेल्या मालाला गिऱ्हाईक सापडलं तर दुकानदाराचं तोंड आपोआप बंद होतं. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं, मग मुरंब्याकडे, मग लेओकादीकडे.

“मादामना सांगू, की सगळी दुकानांतून काढून घेतली. ते खरंच आहे. मागच्या दाराबद्दल त्या विचारणार नाहीत, त्यांना मागचं काही दिसतच नाही. आणि ज्या हातांनी हे केलं, ते हात पुन्हा खळीला लागणार नाहीत. हेही खरं. लेओकादीबाई, सोमवारपासून तुम्ही खिडकीच्या टेबलाशी. फक्त सुई आणि रंग. कात्रीला हात लावायचा नाही.”

“म्हणजे... मी राहू?”

“सुई टोचताना बाकीच्या एक डोळा मिटून घेतात. तुमचा देवाने आधीच मिटून ठेवलाय. तेवढाच वेळ वाचेल.” एवढं बोलून ते आत निघून गेले, कारण त्यांना चांगुलपणा करताना कोणी बघितलेलं आवडत नसे.

आत गेल्यावर त्यांनी नाक शिंकरल्याचं पाची जणींना ऐकू आलं. उर्सूलने बरणीचं फडकं सोडलं आणि बोट बुडवून चाटलं. “साखर कमी आहे,” ती म्हणाली, “पण माणूस गोड आहे.”

दुसऱ्या दिवशी रविवार होता. म्हाताऱ्याने इतकी गळ घालून बोलावलं होतं, की लेओकादी प्रार्थना संपल्यावर तशीच बेलव्हिलच्या चढावर गेली, सहा जिने चढली. जिना चढताना आता ती प्रत्येक पायरी पायाने चाचपे. आज पहिल्यांदाच तिला कोणी बघितलं तर काय, याची चिंता वाटली नाही.

खोली लहान, लखलखीत स्वच्छ. पलंग खिडकीला लावलेला. फिलिबेर्त उशांना टेकून बसली होती, हात कोपरापर्यंत धोबिणीचे, लाल आणि मोठे.

“याच का त्या? या, बसा. इथे, पलंगावर बसा. अहो, कॉफी करा! नुसते उभे काय राहिलात, तुम्ही घरी आहात, नाटकात नाही!”

ओनेझीम चुलीच्या कोपऱ्यात गेला. फिलिबेर्तने उशीखालून पेटी काढली, चित्र आत बसवलेलंच होतं.

“तुम्ही केलंय, तुम्ही हजारदा बघितलं असेल. पण माझ्यासाठी एकदा बघा. मला एक विचारायचंय.” तिने आवाज उतरवला, पण धोबीघाटावर घडलेला आवाज उतरून कितीसा उतरणार? कोपऱ्यात भांडं वाजायचं थांबलं. “काल संध्याकाळी यांनी एकदम कबुलीजबाब द्यायला घेतला. म्हणे, ती छपाईची चूक आहे, मी खरा मागेच असतो. सहा वर्षं झोपून आहे मी, मला काय कळतं म्हणा. पण तुम्ही या धंद्यातल्या. तुम्ही मला फसवायचं नाही. बघा आणि खरं सांगा. हे सगळ्यांच्या पुढे आहेत, का मागे?”

लेओकादीने पेटी घेतली. तिला खोटं बोलायचं नव्हतं. कालच खरं बोलून ती वाचली होती, आणि या बाईचे हात बघून खोटं जिभेवर येतही नव्हतं. खरं सांगायचं तर ओनेझीमला मागे उभं करावं लागणार होतं, तेही त्याच्याच घरात. तिने पेटी खिडकीकडे धरली आणि डोळा लावला.

रंग चढला. हिरे पेटले, तिच्याच सुईने टोचलेले. राणी होती, गोणी वाहणारे होते, दासी होत्या, आणि फाटकात कंदील घेतलेला एका खांद्याने उतरलेला माणूस. सगळे एका कागदावर, एका ओळीत. कोणी कोणाच्या मागे नव्हतं, आणि कोणी कोणाच्या पुढे नव्हतं. दोन वर्षं ती या सपाट जगासाठी रात्री उशीत तोंड घालून रडली होती. आज त्याच जगात तिने कंदीलवाल्याला राणीच्या बरोबरीने उभं असलेलं बघितलं, आणि तिला इतकं हलकं वाटलं, की गेलेल्या डोळ्याचेही तिने मनातल्या मनात आभार मानले.

“माझ्या डोळ्याला जे दिसतं ते सांगते,” ती म्हणाली. “खोटं सांगत असेन तर हाही जावो. यांच्या पुढे मला कोणी दिसत नाही. राणीसुद्धा नाही.”

फिलिबेर्तने पलंगावर मूठ आपटली.

“ऐकलंत का? ऐकलंत ना? आता तरी कबूल कराल?”

कोपऱ्यात ओनेझीम पाठ करून उभा होता. उतरलेला खांदा हलत होता, आणि कॉफी उतू जाऊन चुलीवर चरचरत होती.

“केलं,” तो म्हणाला. “केलं बाई, कबूल केलं.”